हयात असेल तर रंगीत

फोटो मोठा करून घ्यायला कुणी स्टुडिओत आलं, की चाचा आधी साइझ विचारत नसत. "हयात हायेत का?" असं विचारत. गिऱ्हाईक हो म्हणालं की पाकिटाच्या कोपऱ्यात ते 'ह' लिहीत. नाही म्हणालं तर कोपरा कोरा ठेवून पाकीट हळूच माझ्याकडे सरकवत. 'ह' असला तर फोटो रंगीत करायचा. कोपरा कोरा असला तर काळा-पांढरा, मागचा मांडव आणि शेजारची माणसं काढून टाकून, डोक्यामागं थोडा उजेड सोडून. बाकी काही विचारावं लागत नसे.

चाचांचा स्टुडिओ बीडला आहे, एसटी स्टँडजवळ, टायपिंगच्या क्लासखाली. तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. सकाळी कॉलेज, दुपारी बारा ते सहा स्टुडिओ. चाचांचा सगळा जन्म डार्करूममध्ये गेलेला, केमिकलनं त्यांची नखं तपकिरी झालेली. समोरच्या दुकानात कॉम्प्युटर आला म्हणून त्यांनीही आणला, पण माऊसला कधी हात लावला नाही. माझ्यामागं स्टुलावर बसून ते "इकडून जरा उजाळ", "हनुवटीखाली काळं राहू दे" असं सांगत. मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, तेवढ्यावर मला काम मिळालं. आमच्या घरात सातवीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं, त्यामुळं मला जे येत होतं ते मला आणि घरच्यांना खूपच वाटत होतं.

या नियमाची किंमत मला एका चुकीनं कळली. युसूफ वडगावच्या एका माणसानं वडिलांचा फोटो मोठा करायला दिला. पाकिटावर 'ह' होता, मी तो पाहिलाही होता. पण कॉलेजच्या वाचनालयातल्या एका मासिकात मी काही काळे-पांढरे चेहरे बघितले होते आणि खरी कला तीच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या रंगात नुसत्या मळकट दिसत होत्या. रंग काढल्यावर त्या नांगरटीसारख्या उठून आल्या. आपण यांना मागितल्यापेक्षा चांगलं देतोय, असं मला मनापासून वाटलं.

फोटो न्यायला तो माणूस आला तेव्हा वडील त्याच्या सोबतच होते. कोर्टात तारीख होती म्हणून आले होते. म्हाताऱ्यानं फोटो लांब धरला, मग दाराच्या उजेडात नेला.

"कोन म्हणायचं ह्यो?"

"तुमीच की, बाबा," मी म्हणालो.

"मी? मी कवा गेलो बे?"

दुकानातली दोन-तीन माणसं हसली. मुलगा हसला नाही.

"हार तुमच्याकडूनच घालून देताव, का आमी आणायचा?" म्हातारा म्हणाला. तोही हसतच होता. पण मग त्यानं फोटो काउंटरवर पालथा ठेवला आणि हात धोतराला पुसले. ते हात पुसणं मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

चाचांनी माफी मागितली, रंगीत करून द्यायचं कबूल केलं. ते दोघं गेल्यावर मला म्हणाले, "बेटा, तुला छान दिसतं ते तू घरी कर. इथं लोक फोटो बघत न्हाईत. माणूस हाय का न्हाई, ते बघतात."

त्यानंतर मी कोपरा बघितल्याशिवाय पाकीट उघडलं नाही.

दोन महिन्यांनी अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. धारूरला त्यांचं स्टोव्ह आणि गॅसबत्त्या दुरुस्तीचं दुकान आहे. लग्नसराईत ते वरातीला बत्त्या भाड्यानं देत. पुढं घरोघरी सिलिंडर आले, वरातीपुढं जनरेटरची गाडी आली, आणि आमच्या बत्त्या दुकानात आकड्यांना लटकून राहिल्या. तरी दर रविवारी ते एकेक बत्ती खाली घेऊन पंप मारून बघत. पंपातला चामड्याचा वायसर वाळू नये म्हणून, असं म्हणत. त्या वर्षी दुकानाचा चढ चढताना ते तीनदा बसायला लागले. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशन औरंगाबादला करायचं ठरलं. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

कसल्याशा कागदासाठी ते मंगळवारी बीडला आले होते. मी कॉम्प्युटरवर होतो. पडद्यापलीकडून ओळखीचा खोकला ऐकू आला. बाहेर येऊन बघतो तर अण्णा स्टुलावर बसलेले. धुतलेला सदरा, टोपी, कपाळावर भस्माच्या तीन ताज्या रेघा.

"अण्णा, कावून आलाव? सांगायचं न्हाई का?"

"सांगून यायला मी काय पाव्हणा हाय?" मग चाचांकडे वळून म्हणाले, "चाचा, एक फोटू काढा. मोठा करायचा हाय. भितीवर लावायचा."

चाचांनी सवयीनं पेन उचललं. "हयात..." म्हणाले आणि थांबले.

"लिव्हा की," अण्णा म्हणाले. "सध्या हाय."

चाचांनी 'ह' लिहिला. इतका मोठा, की त्यानं पाकिटाचा अर्धा भाग अडवला.

"पर करा काळा-पांढरा."

"हयात माणसाचा मी रंगीत करतो, भाऊ."

"ठावं हाय. पोरानं सांगितलंय. म्हणूनच म्हणायलो." अण्णा दम घ्यायला थांबले. "आमचा भाऊ गेला तवा घरात एक फोटू न्हवता. मतदानाच्या कारडावरचा मोठा केला. चोर धरून आणल्यावानी दिसायलाय. वहिनी रोज त्या चोराला हार घालती. आपलं आपुन आधी बघून, पसंत करून ठिवावं."

"ऑपरेशनला जायलाव तुमी. वर न्हाई."

"माघारी आलो तर आलो. बत्ती लावायच्या आधी आमी काडीची पेटी जवळ ठिवतो. त्यातलंच हाय हे."

चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "फोटो मी काढतो. पुढं रंग ठेवायचा का काढायचा, ते तुमचं पोरगं बघंल. मी त्यात हात घालत न्हाई."

आत छत्रीचे दिवे लावले. मी अण्णांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. त्यांच्या कॉलरला मी याआधी कधी हात लावला होता, आठवत नव्हतं.

"हसू का?"

"थोडंसं."

"भितीवर हसतंय का कुणी?" असं म्हणताना ते हसले आणि चाचांनी बटण दाबलं.

मोठे प्रिंट बीडला निघत नव्हते. आम्ही फोटो स्कॅन करून, सुधारून सीडी करायचो आणि गुरुवारी दुपारच्या एसटीनं ती औरंगाबादच्या लॅबला पाठवायचो. शनिवारी प्रिंट यायचे. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी फोटो घेऊन घरी जायचं, सोमवारी सगळ्यांनी निघायचं, असं ठरलं. त्या हिशेबानं माझ्या हातात पुरता एक आठवडा आणि वर एक गुरुवार होता.

रोल धुऊन आला. मी फोटो स्कॅन केला आणि पडद्यावर मोठा केला. अण्णांचे ओठ निळे होते.

मी दर पंधरा दिवसांनी घरी जात होतो. त्यांच्यासमोर बसून जेवत होतो. मला ते दिसलं नव्हतं. दुकानात नेहमी अंधार, तोंडावर काजळी, हात काळे. आता पडद्यावर ओठांच्या कडा जांभळ्या, डोळ्यांखाली पिवळट, गुडघ्यावर ठेवलेल्या हाताची नखंसुद्धा निळसर. आधी मला वाटलं, लॅबनं रंग बिघडवला असेल. असं पुष्कळदा व्हायचं. रंग बिघडलाय का हे बघायचं असलं तर फोटोतली पांढरी वस्तू बघायची, हे मी शिकलो होतो. मी सदरा बघितला. पांढरा होता. भस्माच्या रेघा मोठ्या करून बघितल्या. त्याही पांढऱ्या होत्या. म्हणजे रंग बरोबर होता.

मी लाल वाढवला. पान खाल्ल्यासारखं दिसायला लागलं. अजून थोडा वाढवला तर मांडवातला नवरदेव झाला. पिवळा कमी केला तर कॅलेंडरवरच्या बाळासारखे गाल आले. अण्णा कुठंच नव्हते. मी प्रत्येक वेळी वेगळ्या नावानं साठवत गेलो. अण्णा-एक, अण्णा-दोन, असं करत अण्णा-सातपर्यंत. मग रंगाची पट्टी शून्यावर ओढली.

आजार गेला. एका क्षणात गेला. ओठ नुसते ओठ झाले. हसताना गालावर पडलेली घडी, भुवईवरचा भाजल्याचा जुना डाग, टोपीखालून निघालेला कानाचा वरचा भाग, सगळं जागेवर आलं. मी चौथीत असताना वरातीबरोबर चालताना बघितलेला माणूस होता तो. बत्ती मंद झाली की पुढं पळत जाऊन, बाईच्या डोक्यावरची बत्ती तशीच राहू देऊन वरच्या वर पंप मारणारा.

मी घाबरून पट्टी परत उजवीकडे ओढली. निळे ओठ आले. परत डावीकडे. असं किती वेळ करत होतो कोण जाणे. तेवढ्यात लोडशेडिंगची वेळ झाली, लाईट गेली आणि खाली यूपीएस ओरडायला लागला. 'साठवायचं का?' असं पडद्यावर विचारलेलं होतं. मी काहीच न दाबता मशीन बंद केलं.

पुढचे दिवस मी कुठं धड बसू शकलो नाही. वर्गात सर शिकवत असताना मी त्यांचे ओठ बघायचो. स्टँडवर मोसंबी विकणाऱ्याचे, कंडक्टरचे, रिक्षावाल्यांचे ओठ बघायचो. एका रिक्षावाल्यानं विचारलंच, "काय बे, तोंडाला काय लागलंय का माझ्या?" खोलीवर आलो की आरशात स्वतःचे बघायचो. पुस्तक उघडायचो, मिटायचो आणि उठून बिंदुसरा नदीच्या पुलापर्यंत चालत जायचो. तिथं काही काम नसायचं. परत यायचो.

रंगीत केला तर अण्णा आमच्या भिंतीवर कायमचे आजारी राहणार होते. काळा-पांढरा केला तर ते बरे दिसणार होते, पण ते जाणार हे मी माझ्या हातानं कबूल केल्यासारखं होणार होतं. त्या म्हाताऱ्याचं "मी कवा गेलो बे" माझ्या कानातून जात नव्हतं.

बुधवारी मी चाचांना विचारलं, "चाचा, हा हयातीचा नियम कुणी केला?"

ते कैचीनं पासपोर्टचे फोटो कापत होते. "कुणी न्हाई. पहिल्यांदा सगळेच काळे-पांढरे होते. मग रंगीत रोल आला. ज्याला त्याला आपला रंगीत पाहिजे. गेलेल्यांचे फोटो तर जुनेच होते, त्यांना रंग कुठून आणणार? ते राहिले तसेच. असं होता होता लोकांना वाटाया लागलं, काळा-पांढरा म्हणजे गेलेला." त्यांनी एक फोटो कापून बाजूला ठेवला. "माझ्या निकाहचा फोटो काळा-पांढरा हाय. पंचवीस माणसं हायेत त्यात. काढला तवा सगळी हयात होती."

"मग मी काय करू?"

"मला इचारू नको. मी पाकिटावर 'ह' लिहिलाय. तो माझ्याकडनं पुसला जायचा न्हाई. बस."

गुरुवारी गाडी सुटायची वेळ झाली तरी माझं ठरलं नव्हतं. हे सांगायला मला आजही कसंतरी होतं, पण खरं तसंच आहे. मी सीडीवर दोन्ही टाकले. एक रंगीत, लॅबमधून आला होता तसा, काही न सुधारलेला. एक काळा-पांढरा. डोक्यामागं उजेड मात्र सोडला नाही. मागची चाचांची निळी भिंत रंग गेल्यावर करडी झाली होती, ती तशीच ठेवली.

रविवारी मी धारूरच्या गाडीत बसलो. रंगीत प्रिंट पाकिटात वर होता. दुसरा मी पुठ्ठ्यामागं लपवला होता. घरी फक्त रंगीत दाखवायचा, एवढं मी गाडीत ठरवलं.

घरात शिरलो तर कॅलेंडरशेजारी भिंतीत नवा खिळा ठोकलेला. खाली चुन्याचा भुगा पडला होता. माय दवाखान्याची पिशवी भरत होती. "बघ की," ती म्हणाली. "वर हात करू नका म्हणलंय डॉक्टरनं, अन ह्येंनी खिळा ठोकलाय. कावून म्हणलं, तर म्हणतेत सदरा अडकवायला." तिला फोटोचं काही माहीत नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

मी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि त्यातला वरचा रंगीत फोटो काढून दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग फोटोतली नखं बघितली, मग हात वर करून स्वतःची.

"असा दिसायलो व्हय मी?"

"असंच दिसायलाव," माय पिशवीतून मान वर न करता म्हणाली. "सहा महिने झाले."

तिनं सहा महिने बघितलं होतं. मी तिच्याशेजारीच बसून जेवत होतो.

"दुसरा काढ," अण्णा म्हणाले.

"दुसरा न्हाई."

"पुठ्ठा जड लागायलाय." आयुष्यभर पत्रे आणि पितळ हातात खेळवलेला माणूस. त्यांना नुसत्या हातानं कळलं.

मी पुठ्ठ्यामागून फोटो काढला. तो अण्णांच्या हातात जाण्याआधी मायनंच घेतला. मी तिच्या हातांकडे बघत राहिलो. आता ही तो पालथा ठेवणार आणि हात पदराला पुसणार, असं मला वाटलं. काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो.

माय फोटो घेऊन दारात गेली. उजेडात धरला.

"ह्यो कवाचा?" तिनं विचारलं. "आपल्या लग्नाच्या टायमाचा हाय का? मी कसा न्हाई बघितला?"

अण्णाच म्हणाले, "मागल्या मंगळवारच्या आधीचा मंगळवार."

मायनं फोटो बघितला, अण्णांना बघितलं, परत फोटो. तिला कळलं असावं. भिंतीवरच्या खिळ्याकडे तिनं एकदा पाहिलं. पण ती रडली नाही की ओरडली नाही. माझ्यापाशी आली आणि फोटो माझ्या तोंडासमोर धरून म्हणाली, "तिकडून येताना ह्याला घेऊन ये. ह्योच माणूस पाहिजे मला."

"ऑपरेशन काय ह्यो करणार हाय का?" अण्णा म्हणाले.

"तुमी गप बसा. तुमाला न्हाई इचारलं."

तिनं काळा-पांढरा फोटो जुन्या साडीत गुंडाळून पेटीत तळाला ठेवला. रंगीत फोटो दवाखान्याच्या फाइलमध्ये घातला. "डॉक्टरला दावा, असा झालाय म्हणून." फोटो बघून डॉक्टर उपचार करत नाहीत, हे मी तिला सांगणार होतो. नाही सांगितलं. फाइल घेतली.

सोमवारी आम्ही निघालो तेव्हा खिळा रिकामाच होता.

ऑपरेशन झालं. मी बारा दिवस औरंगाबादला होतो. वॉर्डात ट्यूबलाइटच्या उजेडात सगळ्यांचेच ओठ निळे दिसत. माझे, नर्सचे, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला डबा घेऊन येणाऱ्या माणसाचे. मला तिथं काही ठरवता येत नव्हतं. अण्णा डोळे मिटून पडलेले असले की मी त्यांच्या कपाळाकडे बघायचो. तिथं भस्म नव्हतं आणि त्याच्याशिवाय मला कुठल्याच रंगाची खात्री वाटत नव्हती.

महिन्यानं ते धारूरला आले. स्टँडपासून घरापर्यंत दोनदा बसले. घरात आल्यावर त्यांनी सदरा काढला, इकडंतिकडं बघितलं आणि त्या खिळ्याला अडकवला. माय चुलीपुढून म्हणाली, "बघा, शेवटी सदराच अडकवलाव." ते म्हणाले, "मग मी काय खोटं बोललो होतो का?"

फोटोबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही. कधीमधी अण्णा विचारतात, "पेटीत हाय ना?" माय म्हणते, "हाय. तुमाला काय करायचंय?" चाचांनी ते मोठ्या 'ह'चं पाकीट मला दिलंय. ते माझ्या खोलीवर वहीत आहे.

मी अजून बीडलाच शिकतो. अजून दुपारी स्टुडिओत बसतो, कोपरे बघून रंग ठेवतो किंवा काढतो. घरी गेलो की उंबऱ्यात उभा राहून आधी मी खिळ्याकडे बघतो. सदरा लटकत असला तर अण्णा घरात आहेत. नुसता खिळा असला तर सदरा त्यांच्या अंगात आहे आणि ते दुकानात एखाद्या बत्तीला पंप मारत असतील. दोन्ही चांगलंच आहे, हे मला कळतं. तरी त्यातलं एक दिसेपर्यंत माझ्याच्यानं चपला काढवत नाहीत.